साष्टीच्या पुळणीवरची वाळू कशी वाचायची: मढपासून गोराईपर्यंत

मूठभर वाळू उचलून "इथली वाळू अशी आहे" असं सांगता येत नाही. त्याच पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, पन्नास पावलं वर सरका, नाहीतर हातभर खाली खणा, वाळू बदलते. म्हणून वाळू वाचण्याचं काम तीन दिशांनी करावं लागतं: पाण्यापासून झाडोऱ्यापर्यंत, वरून खाली, आणि पुळणीच्या एका टोकाच्या टेकाडापासून दुसऱ्या टोकाच्या टेकाडापर्यंत. यातली एक जरी दिशा राहिली, तरी निष्कर्ष हमखास फसतो.

उदाहरणासाठी साष्टी बेटाचा पश्चिम किनारा घेतला आहे. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, दक्षिणेला माहीमची आणि पश्चिमेला अरबी समुद्र. भरावामुळे हे बेट आता मुंबईला जोडलं गेलं आहे आणि ते बेट आहे हेच लोक विसरलेत. मढ, एरंगळ, आक्सा, मार्वे, मग खाडीपलीकडे मनोरी, गोराई, उत्तन अशी ही पट्टी आहे. मनोरीला मार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोट मिळते, गोराईला बोरिवलीच्या बाजूने.

पूर्व किनाऱ्यावर वाळू शोधत फिरू नका. ठाण्याच्या खाडीत लाटांना जोर नाही, त्यामुळे तिथे चिखल बसतो आणि त्यावर तिवरं वाढतात. त्या बाजूच्या चिखलात वेगळाच इतिहास दडलेला आहे. दक्षिणेला, मुंबई बेटाच्या बंदरात, १८७५ ते १८८० या काळात प्रिन्सेस डॉक बांधला गेला. त्याच्या खोदकामात गाळाखाली खैराची झाडं बुंध्यासकट उभी सापडली होती. म्हणजे कधीकाळची जमीन आज समुद्रपातळीच्या खाली आहे.

वेळ कोणती निवडायची

निम्मं यश ओहोटीच्या वेळेवर अवलंबून आहे. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊण तासाने गुणा, भरतीची वेळ मिळते. तृतीयेला ३ × पाऊण, म्हणजे सव्वादोनला भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी, साडेआठच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागतो. मात्र तो तासभर इकडेतिकडे होतो, तेव्हा नेमक्या वेळेसाठी त्या दिवसाचं अपोलो बंदरचं भरती-ओहोटीचं पत्रक बघाच.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं आणि ओहोटीला पाणी खूप आत जातं, पण ती ओहोटी पहाटे किंवा संध्याकाळी सहाच्या आसपास येते. कामाला उजेड हवा. म्हणून द्वितीया ते चतुर्थी हे दिवस उत्तम: उधाणाचा जोर टिकून असतो आणि ओहोटी सकाळी आठ ते साडेनऊला मिळते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी जोराच्या भरती-ओहोटीला, पाणी फारसं मागे हटत नाही, खालचा पट्टा उघडाच पडत नाही. तो दिवस घरी बसून नमुने चाळायला ठेवा.

ओहोटीच्या दोन तास आधी पोहोचा आणि पाण्याच्या मागोमाग खाली उतरत काम करा. पाणी फिरलं की वर निघायचं. पाणी सारख्या गतीने चढत नाही. सहा तासांच्या चढाचे बारा भाग केले तर तासागणिक साधारण १, २, ३, ३, २, १ असे भाग चढतात. फरक चार मीटरचा असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी एकेक मीटर पाणी वाढतं. आक्साला पाण्याची ओढ फार वाईट आहे. नमुन्यासाठी घोट्याच्या वर पाण्यात जाऊ नका.

ऋतूही महत्त्वाचा. जून ते सप्टेंबर लाटा पुळणीची वाळू ओरबाडून खोल पाण्यात नेतात, खालचे गोटे आणि खडप उघडे पडतात. ऑक्टोबरपासून वाळू परत चढू लागते आणि एप्रिल-मेपर्यंत पुळण पुन्हा रुंद होते. म्हणून पाण्याकडे जाणाऱ्या एकाच रेषेवर दोनदा मोजमाप घ्या: एकदा पाऊस ओसरल्यावर लगेच, एकदा एप्रिलअखेर. फक्त मे महिन्यात पाहून "किनारा वाढतोय" किंवा फक्त सप्टेंबरात पाहून "किनारा खचतोय" असं म्हणणाऱ्यांनी वर्षाचं अर्धंच चक्र पाहिलेलं असतं.

सामान

दहापट भिंग, ३० मीटरची टेप, दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या, गवंड्याची थापी, लहान फावडं, पाण्याची फवारणीची बाटली, झिपच्या पिशव्या, पेन्सिल, मोबाइल. घरी: ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, १०० मिलिचा मोजपात्र-नळा, काचेच्या बरण्या, पांढरं व्हिनेगर, जुन्या स्पीकरमधलं साधं चुंबक आणि जमल्यास एक निओडिमियमचं, जास्त ताकदीचं. चाळण्यांचा संच असेल तर २, १, ०.५, ०.२५, ०.१२५ आणि ०.०६३ मिमी असा. ०.०६३ च्या खाली गेलं की ती वाळू नाही, गाळ.

उतार मोजणं

ही पद्धत के. ओ. एमरी यांनी १९६१ मध्ये मांडली आणि आजही तिच्याइतकी स्वस्त आणि भरवशाची दुसरी नाही. दोन्ही काठ्यांवर वरच्या टोकापासून खाली सेंटिमीटरच्या खुणा करा. न हलणाऱ्या जागेपासून सुरुवात करा: मूळचा कातळ, देवळाचा चौथरा, पक्की पायरी. माड किंवा झोपडी चालणार नाही. पुढच्या वर्षी ती असेलच असं नाही. मोबाइलचं जीपीएस पाचेक मीटर चुकतं, तेव्हा सुरुवातीच्या जागेचा फोटो आणि रेषेची होकायंत्रातली दिशा लिहून ठेवा.

एक काठी जमिनीकडे, दुसरी समुद्राकडे, मध्ये बरोबर २ मीटर दोरी. जमिनीकडच्या काठीमागे उभं राहून समुद्राकडच्या काठीचं वरचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणा. ती रेषा तुमच्या काठीला टोकापासून जितकी खाली छेदते, तितका उतार. कुठे पुळण समुद्राच्या दिशेने चढत असेल, तर तुमच्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवून समुद्राकडच्या काठीवरचा आकडा वाचा आणि तो वजा धरा. मग दोन्ही काठ्या २ मीटर पुढे. २० टप्प्यांत ४० मीटर झाले आणि उतारांची बेरीज २.४ मीटर आली, तर उतार शंभरात सहा.

दोन गोष्टी नडतात. काठी ओल्या वाळूत रुतते. खाली फरशीचा तुकडा किंवा लाकडी चकती ठोका. आणि मुंबईच्या धुरकट सकाळी क्षितिजच दिसत नाही. अशा दिवशी गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरा, फक्त आत बुडबुडा राहू देऊ नका.

उतार मोजायचा कारण तो कणांच्या आकाराशी बांधलेला असतो. भरड वाळूत लाटेचं पाणी झिरपतं, परतीचा लोट दुबळा होतो, वाळू वरच राहते आणि पुळण चढी होते. बारीक वाळूत पाणी मुरत नाही, सगळं परत धावतं आणि पुळण सपाट, टणक होते.

खड्डा

सगळ्यांत जास्त माहिती इथे मिळते, आणि लोक नेमका हाच भाग टाळतात. भरतीच्या रेषेच्या जरा वर, जिथे पुळणीला सपाट कट्टा आलेला असतो, तिथे ६० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद, ५० सेंमी खोल खड्डा घ्या. गुडघ्याच्या खाली जाऊ नका. सुकी वाळू क्षणात ढासळते. काढलेली वाळू काठावर रचू नका, एक मीटर लांब टाका. तळाला पाणी लागलं की थांबा.

खड्ड्याची लांब बाजू समुद्राला काटकोनात ठेवा. हा किनारा साधारण उत्तर-दक्षिण असल्यामुळे उत्तरेकडची भिंत समुद्राच्या दिशेने जाणारी आणि दक्षिणेला तोंड असलेली मिळते. ऑक्टोबर ते एप्रिल तिच्यावर ऊन पडतं. थर त्याच भिंतीत बघा. किनाऱ्याला समांतर भिंतीत सगळे थर आडवेच दिसतात आणि उतार हरवतो. भिंतीवर पाणी फवारा, थापीने वरून खाली एकाच हाताने तासा, पट्टी टेकवून फोटो घ्या.

आता वाचन. समुद्राकडे ३ ते ८ अंश कललेले, एक ते दहा मिमी जाडीचे समांतर पट्टे म्हणजे लाटेच्या चढउताराने पसरलेली वाळू. जमिनीकडे तीव्र कललेले थर दिसले तर तो वाळूचा दांडा किनाऱ्याकडे सरकत आल्याची खूण. शिंपल्यांचा थर लागला तर तिसऱ्यांची (दोन झडपांच्या शिंपल्यांची) अर्धुकं कशी पडलीत ते पाहा. बहुतेकांची पाठ वर असेल तर वाहत्या पाण्याने ती तशी उलथवली. वाटीसारखी उताणी असतील तर ती शांत पाण्यात खाली बसली. मधेच गोल, थर मोडलेला, मिश्र वाळूने भरलेला डाग म्हणजे खेकड्याचं जुनं बीळ. त्यातून नमुना घेऊ नका.

आणि प्लास्टिक. वेफरच्या पुड्याचा तुकडा ३५ सेंमीवर सापडला तर फेकू नका, त्यावर पॅकिंगची तारीख शोधा. "०३/२४" वाचता आलं तर त्यावरचा सगळा थर मार्च २०२४ नंतरचा, हे पक्कं. खालचा थर मात्र त्याआधीचाच असेल असं यावरून ठरत नाही, कारण जुना पुडा नंतरही वाहत येऊ शकतो.

काम झालं की खड्डा बुजवा. रात्री तिथून माणसं आणि कुत्री चालतात.

काळा थर: तीन वेगळ्या गोष्टी

भिंतीत काळी रेघ दिसली की "तेल आहे", "घाण आहे" असं लगेच बोललं जातं. काळ्या रंगाची कारणं मुख्यतः तीन, आणि ती जागेवरच वेगळी ओळखता येतात.

पहिलं, जड खनिजं. चिमूटभर सुकी काळी वाळू कागदावर घ्या, खालून चुंबक फिरवा. कण उभे राहून सरकतात. डाग पडत नाही, वास नाही. दुसरं, डांबराचे गोळे. पावसाळ्याच्या तोंडाशी ते मुंबईच्या किनाऱ्यावर लागतात. बोटांत चिकटतात, कागदावर तपकिरी तेलकट डाग उठतो, वास डांबराचा. हातमोजे घाला. तिसरं, कुजलेल्या सेंद्रिय गाळाचा थर: सडक्या अंड्याचा वास, चुंबकाला प्रतिसाद नाही, आणि उघड्यावर ठेवलं की काही तासांत काळा रंग उतरून राखाडी-तपकिरी होतो. खाडीच्या तोंडाशी, मार्वे-मनोरीच्या बाजूला, याची शक्यता जास्त.

जड खनिजांचा थर बनतो तो वजनामुळे. क्वार्ट्झची घनता २.६५, शिंपल्यातल्या कॅल्साइटची २.७१, ऑजाइटची सव्वातीनच्या आसपास, आणि लोहयुक्त खनिजांपैकी इल्मेनाइटची ४.७, मॅग्नेटाइटची ५.२. मॅग्नेटाइटचा ०.१२ मिमीचा कण पाण्यात साधारण ०.२ मिमीच्या क्वार्ट्झच्या कणाइतक्याच वेगाने खाली बसतो. एकदा बसला की मोठ्या हलक्या कणांच्या आडोशाला तो लपतो, परतीच्या लाटेला सापडत नाही. पावसाळी लाटा हलकं सगळं उचलून नेतात आणि हे कण मागे उरतात. मग हिवाळ्यात त्यावर फिकट वाळू चढते. म्हणून एप्रिलच्या खड्ड्यात खाली लागलेली काळी रेघ बऱ्याचदा गेल्या पावसाळ्याचा पृष्ठभाग असते. बऱ्याचदा, नेहमी नाही: एखाद्या जोरदार उधाणातही अशी पातळ रेघ बनते. सोबत भरड शिंपले किंवा गोटे असतील तरच पावसाळ्याकडे बोट दाखवा.

नमुने

एका रेषेवर पाच जागा: ओहोटीची कड, मधला उतार, भरतीची रेषा, कट्ट्याचा माथा, आणि पुळणीवर पसरणाऱ्या मर्यादवेलीच्या मागे वाऱ्याने साठलेली वाळू. प्रत्येक ठिकाणी १० × १० सेंमी चौकोन आखा आणि फक्त वरचा १ सेंमी खरवडून घ्या. एवढ्यात दीडशे ग्रॅमच्या आसपास वाळू मिळते, ती पुरते. खोल मूठ घातली तर चार-पाच वेगवेगळ्या दिवसांच्या लाटांची वाळू एकत्र होते आणि तिच्यातून काहीच कळत नाही. सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, नियमांत वाळूउपशावर बंदी आहे. अभ्यासाचा नमुना लहानच ठेवा आणि शाळा-कॉलेजचा मोठा गट नेणार असाल तर आधी परवानगी घ्या.

मग हेच पुळणीच्या दोन्ही टोकांना, टेकाडांजवळ, आणि मध्यावर करा. वाळू कुठल्या दिशेने सरकते ते भरडपणाच्या फरकावरून सुचतं. पण पावसाळी लाटा नैर्ऋत्येकडून येतात, हिवाळ्या-उन्हाळ्यात वायव्येचा वारा जोर धरतो, आणि सरकण्याची दिशा उलटू शकते. एका ऋतूच्या नमुन्यांवर बाण काढू नका.

घरचं काम

मीठ आधी काढा. गोड्या पाण्यात तीन-चार वेळा धुवा, दर वेळी अर्धा मिनिट थांबून मगच पाणी ओता. घाई केली तर बारीक कण पाण्याबरोबर जातात. स्टीलच्या ताटात दिवसभर उन्हात वाळवा. मीठ राहिलं तर कण चिकटून गुठळ्या होतात, चाळणीत वाळू आहे त्यापेक्षा भरड दिसते आणि वजनही फुगतं.

चाळताना १०० ग्रॅम घ्या, दहा मिनिटं हलवा, प्रत्येक चाळणीवरचं वजन लिहा. बेरीज ९९ च्या खाली आली तर पुन्हा. चपटे शिंपले वरच्या चाळणीवर अडकून बसतात, पण पाण्यात ते पानासारखे तरंगत जातात. लाटेच्या जोराचा अंदाज त्यांच्यावरून घेऊ नका. चाळण्या नसतील तर १ मिमीच्या आलेख कागदावर वाळू पसरा, भिंगातून फोटो काढा. एका मिमीच्या रेषेत चार कण मावले तर आकार पाव मिमी.

शिंपल्यांचं प्रमाण काढायला १० ग्रॅम वाळू काचेच्या बरणीत घ्या, ४ टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर २०० मिलि ओता. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. एका दिवसाने ओतून नवीन २०० मिलि. बुडबुडे पूर्ण थांबले की धुवा, वाळवा, तोला. ६.२ ग्रॅम उरलं तर ३८ टक्के विरघळलं. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका: रंग, फेस आणि वाफा, तिन्ही नको ते. एक खाचखळगा लक्षात ठेवा. इथल्या बेसाल्ट या काळ्या ज्वालामुखी खडकाच्या पोकळ्यांमध्ये कॅल्साइट असतं, तेही विरघळतं, सिमेंटचे कणही. म्हणून आकडा देण्याआधी भिंगाने पाहा.

चुंबकाला प्लास्टिकची पिशवी घाला, नाहीतर कण आयुष्यभर निघत नाहीत. पूर्ण सुकी वाळू एका कणाच्या जाडीने पसरा. आधी साधं चुंबक एक सेंटिमीटर वरून फिरवा. उडी मारून येतो तो मॅग्नेटाइट. निओडिमियम थेट वापरलं तर बेसाल्टचे अख्खे कणही चिकटतात, कारण त्यांच्या पोटात थोडं मॅग्नेटाइट असतं, आणि प्रमाण खोटंच वाढतं. बोटींच्या धक्क्याजवळच्या नमुन्यात गंजाचे तपकिरी पापुद्रेही येतात; नखाने चुरडले जातात ते बाजूला काढा.

घनतेसाठी नळ्यात ५० मिलि पाणी घ्या, ५० ग्रॅम वाळू सोडा, तारेने ढवळून हवा काढा. पातळी १८.९ मिलि चढली तर घनता २.६५, १७ चढली तर २.९४. पंधराच्या खाली चढली तर जड खनिजं भरपूर.

भिंगाखाली काय दिसतं

काळा-राखाडी, निस्तेज, गोलसर कण बेसाल्टचा. हिरवट काळा आणि एखाद्या बाजूने चमकणारा ऑजाइट. पांढरट, सपाट चकाकीचा फेल्डस्पार. काचेसारखा, सपाट बाजू नसलेला क्वार्ट्झ किंवा अकीक. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ मूळचा नसतो, तो पोकळ्यांत नंतर भरलेला असतो, म्हणून इथे तो कमीच मिळणार. पिवळसर राखाडी फिकट कण आले तर दचकू नका. मढ, मनोरी, गोराई या पट्ट्यात बेसाल्टखेरीज ट्रॅकाइट-ऱ्हायोलाइटसारखे फिकट ज्वालामुखी खडक आहेत. मुंबईच्या जुन्या इमारतींतला मालाड स्टोन त्याच कुळातला. वळसेदार सूक्ष्म कवचं फोरॅमिनिफेरा या समुद्रातल्या एकपेशीय जीवांची. तांबूस-नारिंगी कण बहुतेक विटा-कौलांचे, त्यांची वेगळी नोंद ठेवा.

बीचरॉक की जुना सिमेंटचा ढपला?

भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात वाळू-शिंपले चुन्याने जोडले जाऊन दगड बनतो, त्याला बीचरॉक म्हणतात. व्हिनेगर टाकून तो ओळखू पाहाल तर फसाल, सिमेंटही फसफसतं. फोडलेल्या खडीचे टोकदार तुकडे, सळीचा गंज आणि थरांचा अभाव असेल तर ते बांधकाम. बीचरॉकमध्ये गोलसर वाळू, शिंपले आणि समुद्राकडे काही अंश कललेले पातळ थर असतात. तो वाळूखाली बनतो, म्हणून उघडा दिसला तर वरची वाळू गेली आहे. सध्याच्या भरतीरेषेच्या वर जागेवरच घट्ट रुतलेला सापडला तर समुद्रपातळी पूर्वी वर असण्याची शक्यता धरा. सुटा तुकडा असेल तर तो लाटेने फेकलेला असू शकतो.

नोंद

पिशवीच्या आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी घाला. बाहेरची शाई दमट हवेत पुसली जाते. चिठ्ठीवर तारीख, तिथी, ओहोटीची वेळ, रेषेचा क्रमांक, स्थिर जागेपासूनचं अंतर आणि खोली. उरलेली धुतलेली वाळू टाकू नका, २० ग्रॅम तरी बाटलीत ठेवा. पुढच्या ऑक्टोबरचा नमुना आला की दोन्ही एकाच कागदावर, एकाच उजेडात शेजारी ठेवून पाहायचे आहेत.